वाचकांचे प्रश्न : जागतिक रॅलीचा वरचा वर्ग ओस का पडला?

जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेचा २०२५ चा हंगाम संपल्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांतून एकच काळजी निरनिराळ्या शब्दांत व्यक्त झाली आहे. चालक अफाट कौशल्याचे आहेत, गाड्या वेगवान आहेत, तरीही वरच्या वर्गात स्पर्धक इतके थोडे का, असे बहुतेकांनी विचारले आहे. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : नव्वदच्या दशकात टीव्हीवर रॅलीची क्षणचित्रे पाहताना सुबारू, मित्सुबिशी, टोयोटा, फोर्ड अशी कितीतरी नावे एकमेकांशी झुंजताना दिसत. आज निकालपत्रक उघडले की वरच्या जागांवर टोयोटाच टोयोटा. खेळाला ही उतरती कळा नेमकी कशाने लागली? रॅली संपत चालली आहे का?

रॅली संपत चाललेली नाही. स्कोडा, सिट्रोएन, ह्युंदाई, फोर्ड, टोयोटा या कंपन्या दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे ‘रॅली-२’ वर्गाच्या गाड्या बनवून खासगी स्पर्धकांना विकतात आणि त्या गाड्या अनेक देशांच्या राष्ट्रीय स्पर्धांतून धावत असतात. विरळ झाला आहे तो सर्वांत वरचा वर्ग. आपण ज्या काळाची आठवण काढता, त्याच्या अखेरीस, १९९९ च्या हंगामात, टोयोटा, सुबारू, मित्सुबिशी, फोर्ड, प्यूजो, स्कोडा आणि सेआत असे सात उत्पादक अजिंक्यपदासाठी लढत होते. २०२० पासून मात्र ही संख्या तीनवर अडकली आहे : टोयोटा, ह्युंदाई आणि फोर्डच्या गाड्या घेऊन उतरणारा ‘एम-स्पोर्ट’ हा ब्रिटिश संघ. त्यांतही ‘एम-स्पोर्ट’ हा स्वतःचे पोट स्वतः भरणारा संघ असल्यामुळे खऱ्या अर्थाने कंपनीच्या तिजोरीवर चालणारे संघ दोनच उरतात. २०२५ मध्ये चौदा रॅली झाल्या आणि त्यांपैकी बारा टोयोटाने जिंकल्या.

कंपन्या कशा बाहेर पडल्या ते क्रमाने पाहिले, तर प्रत्येकीचे कारण वेगळे दिसते. टोयोटा १९९९ चे उत्पादक-अजिंक्यपद जिंकून फॉर्म्युला वनकडे वळली (रॅलीत ती पुढे परतली). २००५ च्या अखेरीस प्यूजो, मित्सुबिशी आणि स्कोडा यांनी आवराआवर केली. २००८ च्या डिसेंबरात, जागतिक मंदीच्या तडाख्यात, सुझुकी आणि सुबारू लागोपाठ बाहेर पडल्या. फोर्डने २०१२ नंतर आपला अधिकृत पाठिंबा काढून घेतला. सलग चार वर्षे सगळे जिंकणाऱ्या फोक्सवागेनने डिझेल घोटाळ्यानंतर २०१६ मध्ये गाशा गुंडाळला आणि सिट्रोएनने २०१९ च्या शेवटी. कंपन्या येतात आणि जातात, हे मोटार स्पर्धांत नवे नाही. संचालक मंडळाची एक बैठक झाली की संघ बंद होतो, हा या खेळाचा जुनाच अनुभव आहे. नवी गोष्ट ही की जाणाऱ्यांची जागा घ्यायला कोणी येईनासे झाले, आणि म्हणून ‘का गेले’ यापेक्षा ‘का येत नाहीत’ हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

त्याचे उत्तर मुख्यतः नियमांत आहे. १९८७ पासून वरच्या वर्गात ‘ग्रुप ए’ गाड्या धावत. त्या नियमानुसार स्पर्धेची गाडी जिच्यावर बेतलेली असे, ती गाडी वर्षभरात पाच हजारांच्या संख्येने बनवणे बंधनकारक होते. पुढे ही संख्या अडीच हजारांवर आणली गेली. लॅन्सिया डेल्टा इंटेग्राले, टोयोटा सेलिका जीटी-फोर, मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन आणि सुबारू इम्प्रेझा टर्बो या गाड्या या नियमामुळे किंवा त्याच्या आधाराने सामान्य ग्राहकाच्या दारात आल्या. रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी दुकानात दिसत असल्यामुळे रॅलीचा खर्च कंपनीच्या विक्री विभागाला समजावून सांगता येई. ज्यांच्याकडे अशी चार-चाकी चालनेची टर्बो गाडी नव्हती, त्यांच्यासाठी मात्र दार बंद होते. ते उघडण्यासाठी १९९७ मध्ये ‘वर्ल्ड रॅली कार’चा नियम आला : साधी, पुढच्या चाकांवर चालणारी घरगुती गाडी घ्या आणि तिच्यात टर्बो इंजिन व चार-चाकी चालना बसवा. सात उत्पादकांचा तो बहर याच नियमाची देणगी होती.

पण त्याच नियमाने स्पर्धेची गाडी आणि दुकानातली गाडी यांची नाळ तोडली. स्पर्धेची गाडी हळूहळू केवळ स्पर्धेसाठी बनवलेले यंत्र झाली. पुढचा, मधला आणि मागचा असे तिन्ही डिफरन्शियल, म्हणजे चाकांमध्ये शक्ती वाटून देणाऱ्या यंत्रणा, संगणकाने नियंत्रित होऊ लागले, आणि खर्च अशा टप्प्यावर गेला की तो विक्रीतून वसूल होईल असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेना. सर्वांत वरच्या वर्गासाठी २०२२ मध्ये आलेल्या ‘रॅली-१’ नियमांनी तर मूळ गाडीचा सांगाडाही ठेवला नाही. आत पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि वर ओळखीपुरते कवच, अशी ही रचना आहे. दरम्यान बाजारही बदलला. फोर्डने फिएस्टाचे उत्पादन २०२३ च्या जुलैमध्ये थांबवले आणि तिच्या रॅली-१ गाडीला आधीच प्यूमा या एसयूव्हीचे रूप द्यावे लागले होते. याला ठळक अपवाद टोयोटाचा आहे. जीआर यारिस ही गाडी तिने रॅलीच्या निमित्ताने घडवली आणि ग्राहकांना विकलीही. आज मैदानात सर्वांत घट्ट पाय रोवून उभी असलेली कंपनी तीच आहे, हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

प्रश्न : ‘ग्रुप बी’ गाड्यांवर बंदी आली तेव्हाच रॅलीचा आत्मा गेला, असे अनेक जाणकार म्हणतात. आपले मत काय?

मी या मताशी सहमत नाही. ‘ग्रुप बी’ १९८२ ते १९८६ एवढाच काळ होता. केवळ दोनशे गाड्या बनवून मान्यता मिळत असल्यामुळे ऑडी स्पोर्ट क्वाट्रो, प्यूजो २०५ टी-१६, लॅन्सिया डेल्टा एस-४ यांसारखी विलक्षण यंत्रे जन्माला आली आणि त्यांच्या आवाजाने व ज्वाळांनी एक पिढी भारावून गेली, हे खरे आहे. मात्र त्याच काळात पोर्तुगालच्या रॅलीत प्रेक्षक रस्त्यावर भिंतीसारखे उभे राहत आणि गाडी अंगावर आली की शेवटच्या क्षणी दुभंगत. १९८६ च्या मार्चमध्ये तिथेच जोआकिम सांतोस यांची फोर्ड आरएस-२०० गर्दीत घुसली आणि तीन प्रेक्षकांचा जीव गेला. मे महिन्यात फ्रान्सच्या कोर्सिका बेटावरील रॅलीत हेन्री तोइवोनेन आणि त्यांचे सहचालक सर्जिओ क्रेस्तो यांची लॅन्सिया रस्त्याखाली कोसळून पेटली व दोघेही त्यात गेले. त्यानंतर बंदीचा निर्णय व्हायला फार वेळ लागला नाही.

बंदीनंतरच्या पंधरा वर्षांत काय घडले तेही पाहावे. लॅन्सियाची सलग सहा उत्पादक-अजिंक्यपदे, कार्लोस साइन्झ, कॉलिन मॅक्रे आणि टोमी मॅकिनेन यांच्या लढती, आणि २००१ चा तो हंगाम, ज्यात शेवटच्या ब्रिटिश रॅलीपर्यंत चौघांना अजिंक्यपदाची संधी होती आणि रिचर्ड बर्न्स यांनी ते मिळवले. खेळाचा आत्मा ‘ग्रुप बी’बरोबर गेला असता, तर हे सारे कशाच्या बळावर उभे राहिले असते? अश्वशक्ती वाढवली की प्रेक्षक परत येतील, या समजुतीचे मूळ मात्र या स्मरणरंजनात आहे आणि धोरण ठरवणाऱ्यांनी तिच्यापासून सावध राहायला हवे.

प्रश्न : संकरित, म्हणजे हायब्रिड गाड्या मोठ्या गाजावाजाने आणल्या आणि तीन वर्षांत काढूनही टाकल्या. हा सावळागोंधळ का झाला?

हेतू वाईट नव्हता. २०२२ मध्ये रॅली-१ आली तेव्हा बहुतेक कंपन्या आपल्या ग्राहकांना विजेच्या गाड्यांची स्वप्ने दाखवत होत्या, आणि रॅलीच्या गाडीत विजेचा काहीच अंश नसेल तर नवे उत्पादक येणार नाहीत, असा हिशेब मांडला गेला. त्यानुसार १.६ लिटरच्या टर्बो इंजिनाच्या जोडीला शंभर किलोवॉटची विद्युत मोटर आणि बॅटरी असलेला, सर्व संघांसाठी एकाच पुरवठादाराकडून येणारा सीलबंद संच बसवण्यात आला. दोन्ही मिळून शक्ती पाचशे अश्वशक्तींच्या पुढे गेली.

अडचण कामाच्या ठिकाणी जाणवू लागली. गाडीवर एक सुरक्षा-दिवा असे. तो हिरवा असेल तरच मेकॅनिकने गाडीला हात लावायचा. तो लाल झाला की सर्व्हिस पार्कमधला, म्हणजे संघांच्या दुरुस्ती-तळावरचा, अनुभवी माणूसही हात बांधून उभा. संच सीलबंद असल्यामुळे संघाला त्याच्या आत डोकावण्याची मुभाच नव्हती. बिघडला तर बदलायचा आणि बिल भरायचे. रॅलीत गाडी दगडावर आपटणे, खड्ड्यात बसणे, उडी मारून नाकावर उतरणे हा रोजचा व्यवहार आहे. अशा ठिकाणी हा नाजूक आणि महागडा संच प्रत्येक जोरदार धक्क्यानंतर चिंतेचे कारण होऊ लागला. ज्यासाठी तो आणला, ते नवे उत्पादक तर आलेच नाहीत. शेवटी २०२५ पासून तो काढून टाकला गेला, किमान वजन ८० किलोंनी उतरवून ११८० किलोंवर आणले गेले आणि तोल राखण्यासाठी इंजिनात हवा घेणाऱ्या वाटेचा व्यास ३६ वरून ३५ मिलिमीटर केला गेला. गाड्या हलक्या आणि चपळ झाल्या व चालकही खूश झाले. तीन वर्षांचा विकासखर्च मात्र पाण्यात गेला, आणि नियम इतक्या झटपट फिरतात हे पाहणारी, उंबरठ्यावर उभी असलेली एखादी कंपनी आणखी एक पाऊल मागे सरली असेल, तर तिला दोष देता येणार नाही.

प्रश्न : रॅली-२ गाड्या इतक्या खपतात, तर त्यांनाच वरचा वर्ग का जाहीर करत नाहीत? आणि २०२७ च्या नव्या नियमांनी काही फरक पडेल का?

हा विचार आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे एफआयएने, २०२४ च्या आरंभी जवळजवळ अमलात आणला होता. रॅली-१ ची धार थोडी कमी करायची आणि रॅली-२ गाड्यांना जास्तीची शक्ती देणारे सुटे भाग बसवून दोन्ही एका पातळीवर आणायच्या, अशी ती योजना होती. चालू गाड्यांवर पैसा ओतून बसलेल्या संघांनी कडाडून विरोध केला आणि जूनपर्यंत ती मागे घेतली गेली. विरोधाला आधार होता, कारण नियमांचे आयुष्य मध्येच तोडणे हा विश्वासाचा प्रश्न असतो. तरीही योजनेमागचे निदान मला अचूक वाटते.

२०२७ चे नियम त्याच निदानावर उभे आहेत. गाडीच्या किमतीला ३ लाख ४५ हजार युरोंची कमाल मर्यादा घातली असून ती आजच्या रॅली-१ गाडीच्या निम्म्याहूनही कमी आहे. सांगाडा नळ्यांचाच राहील, बरेचसे यांत्रिक भाग रॅली-२ च्या धर्तीचे असतील आणि मुख्य म्हणजे गाडी घडवून मान्यता मिळवण्याचा अधिकार मोटार कंपन्यांपुरता न ठेवता स्वतंत्र कार्यशाळांनाही दिला आहे. या शेवटच्या तरतुदीची चर्चा सर्वांत कमी झाली आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. कंपन्यांच्या मर्जीवर लटकलेला खेळ थोडासा तरी स्वतःच्या पायांवर उभा राहण्याची शक्यता तिच्यामुळे निर्माण होते.

ले मान्सच्या सहनशक्ती-शर्यतींचे उदाहरण येथे दिले जाते. २०२० च्या सुमारास तिथला वरचा वर्गही ओस पडला होता आणि टोयोटाला प्रतिस्पर्धी शोधावा लागत होता. २०२४ मध्ये तिथल्या नव्या ‘हायपरकार’ या वरच्या वर्गात फेरारी, पोर्शे, बीएमडब्ल्यू, कॅडिलॅक यांच्यासह नऊ उत्पादक होते. ठरावीक कारखान्यांकडून तयार सांगाडा विकत घ्या, सर्वांना समान असलेली विद्युत यंत्रणा बसवा आणि तीच गाडी अमेरिकेतही पळवा, अशी मुभा मिळाल्याबरोबर रांग लागली. आता ह्युंदाई उद्योगसमूहाचा जेनेसिस ब्रँडही तिकडे निघाला आहे, आणि रॅलीच्या दृष्टीने ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही. मात्र त्या यशाचा दुसरा खांब, म्हणजे प्रत्येक गाडीची शक्ती व वजन अधिकाऱ्यांनी कमीजास्त करून सर्वांना बरोबरीत आणणे, रॅलीत चालणार नाही. वळणावळणाला रस्ता बदलतो, हवामान बदलते. तिथे बरोबरी मोजायची कशाने? आणि मोजली तरी पराभूत संघ प्रत्येक निकालावर बोट ठेवेल. किमतीची मर्यादा आणि खुले दार, एवढेच तिकडून घ्यावे.

एक धोका उरतो. किमतीची मर्यादा गाडीवर आहे, ती चालवणाऱ्या संघाच्या खर्चावर नाही. चाचण्यांचे दिवस, अभियंत्यांची संख्या, टायर आणि प्रवास यांवर श्रीमंत संघ हवा तेवढा पैसा टाकू शकला, तर स्वस्त गाडीनेही तोच तोच विजेता घडेल.

प्रश्न : आधी लोब, मग ओजिए. एकाच चालकाने वर्षानुवर्षे जिंकत राहिल्यामुळे लोकांचा रस गेला, असे नाही का?

थोडा गेला असेल. सेबास्तियाँ लोब यांनी २००४ ते २०१२ अशी सलग नऊ अजिंक्यपदे मिळवली आणि सेबास्तियाँ ओजिए यांनी २०२५ मध्ये नऊ पूर्ण करून त्यांची बरोबरी केली. पण खेळाला एवढा मोठा मानकरी लाभणे हे सहसा भांडवल ठरते. लोब यांनी २०२२ ची माँटे कार्लो रॅली वयाच्या ४७ व्या वर्षी जिंकली, आणि त्यांच्या शेजारी सहचालक म्हणून बसलेल्या इझाबेल गाल्मिश या पेशाने गणिताच्या शिक्षिका होत्या. एवढी चांगली बातमी किती वर्तमानपत्रांनी छापली? मला अधिक काळजी वाटते ती जाणाऱ्यांची. वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी विश्वविजेता झालेला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा जिंकलेला काल्ले रोवानपेरा २०२५ च्या अखेरीस रॅली सोडून जपानमधल्या सर्किट-शर्यतींकडे वळला, आणि २०१९ चा विजेता ओट्ट टानाक यानेही थांबण्याचा निर्णय घेतला. वरच्या वर्गात पगारी जागा बोटांवर मोजण्याइतक्या असतील, तर एक तारा गेला की आकाशच रिकामे दिसू लागते.

प्रश्न : फॉर्म्युला वनला नेटफ्लिक्सने नवसंजीवनी दिली म्हणतात. रॅली तर त्याहून नेत्रदीपक आहे. मग ती पडद्यावर का रुजत नाही?

रॅली डोळ्यांना सुखावणारी आहे, पण समजायला अवघड आहे. सर्किटवर पुढे असलेली गाडी पुढे दिसते. रॅलीत गाड्या काही मिनिटांच्या अंतराने एकेक सुटतात आणि लढत असते ती घड्याळाशी. वीस किलोमीटरच्या स्टेजनंतर, म्हणजे वाहतुकीला बंद केलेल्या रस्त्यावरच्या वेळ मोजल्या जाणाऱ्या टप्प्यानंतर, दोघांत १.३ सेकंदांचा फरक पडला, हे ऐकून अंगावर काटा यायला प्रेक्षकाला आधी बरेच काही ठाऊक असावे लागते : पहिल्या गाडीला सैल खडी झाडत जावे लागते आणि मागच्यांना स्वच्छ रस्ता मिळतो, टायर निवडताना कोणी पावसाचा जुगार खेळला आहे, सहचालक वाचत असलेल्या टिपणांतले एक अक्षर चुकले तर गाडी दरीत जाऊ शकते.

प्रक्षेपणाच्या हक्कांचा इतिहासही धड नाही. २०११ मध्ये हे हक्क सांभाळणारी कंपनी ज्या उद्योगपतीच्या समूहाने विकत घेतली, तो व्लादिमीर अंतोनोव्ह त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अटकेत सापडला आणि २०१२ चा हंगाम सुरू होताना खेळाला प्रवर्तकच उरला नाही. पुढल्या वर्षी रेड बुलच्या सहभागाने नवी व्यवस्था उभी राहिली आणि २०१८ पासून प्रत्येक स्टेज थेट दाखवण्याची मोठी मजल तिने मारली. तांत्रिकदृष्ट्या हे काम थक्क करणारे आहे. जंगलातून धावणाऱ्या गाडीतले चित्र आकाशात घिरट्या घालणाऱ्या विमानातून पुढे पाठवावे लागते. पण ते सारे वर्गणी भरणाऱ्यासाठी आहे. जो आधीच वेडा आहे, तो पैसे भरून तीन दिवस पाहत बसेल. ज्याला वेड लावायचे आहे, त्याला मोफत आणि सहज सापडेल असे फारसे काही नाही. माझी सूचना साधी आहे. थेट प्रक्षेपण वर्गणीदारांना द्यावे, पण शेवटची, जादा गुण देणारी ‘पॉवर स्टेज’ आणि प्रत्येक दिवसाचा, निवेदकाने नीट गोष्ट सांगितलेला अर्ध्या तासाचा वृत्तांत सर्वांना खुला असावा. १९९८ च्या ब्रिटिश रॅलीत साइन्झ यांची टोयोटा शेवटच्या स्टेजची समाप्तिरेषा काहीशे मीटरवर असताना बंद पडली, अजिंक्यपद हातचे गेले आणि सहचालक लुईस मोया यांनी संतापाने हेल्मेट गाडीवर आपटले. तो प्रसंग आजही लोकांना आठवतो तो खुल्या वाहिन्यांवर दिसला म्हणून. वर्गणीच्या दाराआड घडला असता, तर तो किती जणांपर्यंत पोहोचला असता?

प्रश्न : पूर्वीच्या सफारी रॅलीसारख्या हजारो किलोमीटरच्या रॅली परत आणता येतील का?

जशाच्या तशा नाही, आणि आणूही नयेत. १९५३ मध्ये पूर्व आफ्रिकेत सुरू झालेली सफारी रॅली तिच्या भरात सुमारे पाच हजार किलोमीटरची असे आणि वाहत्या, खुल्या रस्त्यांवर होई; वाटेत जनावरे, ट्रक आणि अचानक फुगलेल्या नद्या. भारतीय वंशाचे शेखर मेहता यांनी ती १९७३ मध्ये आणि पुढे १९७९ ते १९८२ अशी सलग चार वेळा, एकूण पाचदा जिंकली आणि नंतर एफआयएच्या रॅली आयोगाचे अध्यक्षपदही भूषवले. आपल्या वाचकांना त्यांचे नाव मॅक्रेइतके परिचित नसावे, याची मला खंत वाटते. कोर्सिकाची रॅलीही १९८६ मध्ये हजार किलोमीटरहून अधिक स्टेजची होती. आज बहुतेक रॅली तीनशे ते साडेतीनशे किलोमीटरच्या स्टेजमध्ये, एकाच सर्व्हिस पार्कभोवती पाकळ्यांसारख्या आखलेल्या असतात. रोज संध्याकाळी गाड्या तिथेच परततात, कारण संघांचा, प्रायोजकांचा आणि कॅमेऱ्यांचा खर्च त्यात वाचतो.

तरीही या साचेबंदपणाने काहीतरी हिरावले आहे, हे मान्य करायला हवे. पूर्वी रॅली एका गावातून दुसऱ्या गावात जाई आणि वाटेवरची माणसे ती आपली मानत. शिवाय पूर्वी गाडी मोडली की रॅली संपे. आता पहिल्या दिवशी बाहेर पडलेला चालक वेळेचा दंड घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरतो. प्रायोजकाला ते हवेच असते, पण टिकून राहण्याची किंमत त्याने घटते. मला वाटते, सर्वच रॅली एका मापाच्या असण्याची गरज नाही. दोन दिवसांची छोटी, धावपळीची रॅली असावी आणि वर्षातून दोन-तीन अशाही असाव्यात, जिथे मुक्काम बदलतो, दुरुस्तीची संधी कमी मिळते आणि स्टेज पाचशे किलोमीटरपर्यंत जातात. २०२१ मध्ये केनिया परत आला तेव्हा नैवाशाच्या भुरभुरीत मातीत आधुनिक गाड्यांची जी दाणादाण उडाली, ती पाहून लोक खूश झाले होते.

प्रश्न : गुणपद्धतीत वारंवार बदल का करतात?

रविवारी चालक टायर जपत फिरायला निघाल्यासारखे चालवतात, ही तक्रार खरी होती. तिच्यावर २०२४ मध्ये शनिवारपर्यंतचे गुण वेगळे, रविवारचे वेगळे, पॉवर स्टेजचे आणखी वेगळे असा तोडगा काढला, आणि त्याच वर्षी स्वीडनमध्ये रॅली जिंकणाऱ्या एसापेक्का लाप्पीपेक्षा दुसऱ्या आलेल्या एल्फिन इव्हान्सला जास्त गुण मिळाले. विजेत्याला पराभूतापेक्षा कमी गुण देणारी पद्धत नव्या प्रेक्षकाला समजावून सांगता येत नाही. २०२५ मध्ये ती सुधारली, ते बरेच झाले.

प्रश्न : आपल्या हाती एकच निर्णय दिला, तर आपण कोणता घ्याल?

मी प्रत्येक यजमान देशाच्या राष्ट्रीय विजेत्याला त्याच्या घरच्या जागतिक रॅलीत वरच्या वर्गाची गाडी मिळेल, अशी सक्तीची व्यवस्था करीन. उत्पादक-अजिंक्यपदासाठी नोंदणी करणाऱ्या प्रत्येक संघाने हंगामात ठरावीक वेळा एक गाडी, नियमाने बांधलेल्या भाड्यात, अशा चालकाला द्यावी आणि भाड्याचा काही भाग आयोजकांनी व प्रवर्तकाने उचलावा. २०२७ च्या किमतीत हे अशक्य नाही.

स्थानिक माणूस जिंकू शकतो, ही शक्यता रॅलीच्या आकर्षणाचे मूळ आहे आणि ती इतिहासाने वारंवार खरी करून दाखवली आहे. १९९४ ची सफारी केनियाच्याच ईयन डंकन यांनी जिंकली. १९९९ मध्ये फ्रान्सच्या फिलिप ब्युगाल्स्की यांनी सिट्रोएन झारा या केवळ पुढच्या दोन चाकांना चालना असलेल्या, टर्बो नसलेल्या हलक्या गाडीने आधी स्पेनची आणि मग कोर्सिकाची डांबरी रॅली जिंकून साऱ्या बड्या संघांना तोंडात बोट घालायला लावले. स्वतःच्या रस्त्यांची नस ठाऊक असलेला माणूस तुल्यबळ गाडीत बसला, तर तो विश्वविजेत्याला घाम फोडू शकतो. अगदी अलीकडे, २०२५ च्या एस्टोनिया रॅलीत, रॅली-२ वर्गात खेळणाऱ्या ऑलिव्हर सोल्बर्गला एका रॅलीपुरती टोयोटाची रॅली-१ गाडी मिळाली आणि त्याने ती रॅली जिंकली. तो स्थानिक नव्हता, पण खालच्या वर्गात किती गुणवत्ता दाराबाहेर उभी आहे हे त्या एका आठवड्यात कळले.

स्थानिक चालक वरच्या वर्गात असेल, तर त्या देशातली वर्तमानपत्रे आपणहून लिहितील आणि स्थानिक प्रायोजकालाही पैसे देण्याचे कारण मिळेल. २०२७ च्या पहिल्या रॅलीची नोंदणी-यादी जाहीर होईल, तेव्हा वाचकांनी आधी वरच्या वर्गाचा रकाना पाहावा आणि त्यात कंपन्यांच्या पगारी चालकांबाहेरची नावे किती आहेत ते मोजावे. ती शून्य असतील, तर ३ लाख ४५ हजार युरोंची मर्यादा केवळ कागदावर उतरली असे समजायला हरकत नाही. चार-पाच जरी असली, तरी स्वतंत्र कार्यशाळांनी गाड्या बांधायला घेतल्या आहेत आणि त्यांना गिऱ्हाईक मिळते आहे, एवढे निश्चित होईल.